मेस्त्रीपासून शंभर किलोमीटर

नव्या छोट्या गाडीच्या किमतीत जुनी मोठी गाडी येते, हे ज्याला पहिल्यांदा कळतं त्याची काही दिवस झोप उडते. शोरूममधून पंचवीस-तीस लाखांना निघालेली गाडी मोबाईलच्या पडद्यावर साडेचार लाखांत उभी असते. चामड्याची सीट, सनरूफ, डॅशबोर्डवर लाकडी पट्टी, आणि खाली ठरलेलं वाक्य : ‘सिंगल ओनर, डॉक्टरांनी वापरलेली’. जुन्या गाड्यांच्या बाजारात एवढे डॉक्टर येतात कुठून, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. शेवटी मीही डॉक्टरांचीच घेतली, तो भाग वेगळा.

मी वरूड तालुक्यात राहतो. नोकरी कनिष्ठ महाविद्यालयात, घरची संत्र्याची बाग. आमच्या पट्ट्याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. तिकडे रस्ते बरे असावेत, एवढाच फरक. बजेट होतं सहा लाख. त्यात काही अंबिया बहाराचे, काही पगारातून बाजूला टाकलेले आणि थोडे बायकोच्या भिशीचे. या शेवटच्या रकमेचा उल्लेख आमच्या घरी आदरानं करावा लागतो.

गाडी हवी होती आईसाठी. तिचे गुडघे आणि कंबर दोन्ही कुरकुरतात, आणि नागपूरच्या डॉक्टरांकडे नियमित जावं लागतं. वरूड, जलालखेडा, काटोल, नागपूर : शंभरेक किलोमीटर. आमच्या जुन्या गाडीत ती मागे पाय दुमडून बसायची आणि नागपुरात उतरल्यावर दवाखान्याच्या बाकावर आधी नुसती बसून राहायची. दुखणं दाखवायला जायचं आणि जाता जाता वाढवून न्यायचं, असा तो प्रकार होता. तर आईचं कारण अगदी खरं. पण ते एकटंच होतं असं लिहिलं तर बायको हसेल.

लहानपणी संत्र्याच्या हंगामात एका व्यापाऱ्याची काळी कॉन्टेसा आमच्याकडे यायची. हिंदुस्थान मोटर्सनं १९८४ मध्ये आणलेली ही गाडी मुळात इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलच्या साच्यातली, हे पुष्कळ नंतर वाचलं. तेव्हा एवढंच कळायचं की ॲम्बेसेडर खड्ड्यात गेली की सगळ्या गावाला कळतं, आणि ही गेली तर आत बसलेल्याच्या चहालाही कळत नाही. व्यापारी बागेचा भाव पाडून जायचा, बाबा चार दिवस त्याच्या नावानं बोटं मोडायचे, आणि मी त्याच्या गाडीच्या मागच्या काचेवर नाक लावून उभा असायचो. चांगली बनवलेली वस्तू आपल्याकडेही असावी, ही इच्छा श्रीमंतीच्या इच्छेहून वेगळी असते असं मला वाटतं. गावात हे पटवून देणं अवघड आहे, म्हणून आईचं कारण पुढे केलेलं बरं.

*

मोठी सेडान एवढी का उतरते, याचा मी बराच विचार केला. पहिल्या मालकानं मोजलेल्या पैशात गाडीबरोबर भरपूर कर असतो. जीएसटी आल्यावर दीड लिटरच्या वरच्या सेडानवरचा कर सेस धरून ४८ टक्क्यांपर्यंत गेला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो सरसकट ४० झाला. वर आपल्या महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला १५ टक्के रोड टॅक्स. हे सगळं शोरूमच्या दारातून बाहेर पडता पडता संपतं. मग वॉरंटी संपली की पैसेवाला माणूस गाडी बदलतो, कारण पुढची बिलं कशी येतात हे त्याला ठाऊक असतं. त्यात मागच्या काही वर्षांत सगळ्या देशाला उंच गाडीचं वेड लागलं. पूर्वी मोठा माणूस सेडानमधून उतरायचा, आता सरपंचापासून आमदारापर्यंत सगळे उंचावरून उतरतात. सेडानला गिऱ्हाईक उरलं नाही. स्कोडानं सुपर्ब २०२४ मध्ये पुन्हा आणली ती परदेशातून तयार होऊन आलेली, ५४ लाखांना. तिच्याच आधीच्या पिढीतली, आपल्या औरंगाबादच्या कारखान्यात जोडलेली गाडी मात्र पाच लाखांच्या आसपास मिळते.

इथवर हिशेब गोड लागतो. पुढची गोष्ट जाहिरातीत नसते. गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. पाच लाखांना मिळालेल्या गाडीचा हेडलाइट पंचवीस लाखांच्याच गाडीचा असतो. शॉकॲब्सॉर्बर, टर्बो, गिअरबॉक्सचा मेंदू असलेला मेकॅट्रॉनिक, यांना आपल्या मालकाची ऐपत बदलली हे कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून सहा लाख हातात असतील तर सहा लाखांची गाडी पाहायचीच नाही, असं मी पहिल्याच आठवड्यात ठरवलं. पावणेपाचपर्यंतची गाडी, आणि उरलेले सव्वा लाख तिच्याच नावानं बँकेत वेगळे. त्या पैशांना शेतीच्या कामातही हात लावायचा नाही. जुन्या लक्झरी गाडीत जे बुडतात त्यांतले बरेचसे गाडीच्या किमतीनं बुडत नाहीत. पहिल्या मोठ्या बिलाच्या वेळी हात रिकामे असतात म्हणून बुडतात. मग गाडी महिनोन् महिने कडुनिंबाखाली उभी राहते, तिच्या बॉनेटवर मिरच्या वाळतात आणि पुढे ती ‘थोडं काम आहे’ म्हणून निम्म्या भावात जाते.

दुसरा नियम मला आमच्या तालुक्याच्या मेस्त्रीनं दिला. हा माणूस ट्रॅक्टर आणि बोलेरो डोळे झाकून खोलतो. त्याला म्हटलं, जर्मन गाडी घेतली तर तू पाहशील का? तो म्हणाला, “भाऊ, इंजिन मी खोलीन. इंजिन सारेच सारखे असते. पण तिच्या कॉम्प्युटरशी माही ओळख नाई.”

या एका वाक्यानं माझी अर्धी यादी कापली गेली. पुण्या-मुंबईच्या माणसाला कोणती गाडी चांगली असा प्रश्न पडतो. माझा प्रश्न होता, ती बंद पडली तर पडेल कुठे. वरूडला काय होऊ शकतं? तेल, फिल्टर, ब्रेकपॅड, बॅटरी, टायर. अमरावती आणि नागपूर, दोन्ही नव्वद-शंभर किलोमीटरवर. तिथे स्कॅनर लावून वाचणारा आणि गिअरबॉक्सला हात घालणारा मेस्त्री मिळतो. त्यापलीकडचं काही हवं असेल तर दिल्लीच्या कश्मिरी गेटच्या पार्टबाजारातून कुरिअरनं मागवायचं आणि वाट पाहायची. प्रत्येक गाडीकडे मी या तीन कप्प्यांतून पाहू लागलो, आणि कागदावर स्वस्त दिसणाऱ्या गाड्या भराभर महाग व्हायला लागल्या.

बीएमडब्ल्यूचंच घ्या. चालवायला तिच्यासारखी दुसरी नाही, हे मान्य. पण तिच्या बहुतेक मॉडेलांत स्टेपनी नसते. रन-फ्लॅट टायर असतात. पंक्चर झालं तरी साधारण ८० किलोमीटर, ८० च्या वेगाच्या आत चालवता येतं, असा हिशेब. जर्मनीत तेवढ्यात दोन शहरं लागत असतील. मी नागपुरात पंक्चर होऊन घराकडे निघालो तर टायर जलालखेड्याच्या पुढे कुठेतरी संत्र्याच्या बागेत राम म्हणेल. शिवाय तिच्या २०११ च्या आधीच्या दोन लिटर डिझेल इंजिनाची, एन-४७ म्हणतात त्याची, टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सकडे बसवलेली असते. या चेनच्या तक्रारी जगभर गाजल्या. ती खडखडू लागली की इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. आमच्या मेस्त्रीला हे सांगितलं तेव्हा त्यानं बिडी विझवली आणि विचारलं, “बनोनाऱ्यानं स्वतः खोलून पाह्यली होती का?”

नागपुरात एका दलालाकडे एअर सस्पेन्शनवाली, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर उभी राहणारी एक मोठी गाडी पाहिली. रंग असा की वाटावं कालच कारखान्यातून आली. मी सकाळी लवकर, दुकान उघडायच्या वेळीच गेलो होतो. गाडी डाव्या बाजूला बसलेली होती, म्हातारा माणूस एका कुशीवर बसतो तशी. दलालानं चटकन स्टार्ट केली आणि ती हळूहळू उठून उभी राहिली. तो म्हणाला, “हे फीचर आहे साहेब.” रात्रभरात हवा गळते याला फीचर म्हणणारा माणूस राजकारणात पुष्कळ पुढे जाईल.

मग दिल्लीच्या गाड्या. राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये दिल्लीतल्या दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली, आणि तेव्हापासून नऊ-साडेनऊ वर्षांच्या डिझेल गाड्या तिथून देशभर वाहू लागल्या. भाव पाहून कोणाचीही बुद्धी फिरावी. पण परराज्यातली गाडी म्हणजे फॉर्म २८ ची एनओसी, इथला रोड टॅक्स वयाप्रमाणे पुन्हा भरायचा, तिथला परत मिळवायला खेटे घालायचे. आमच्याकडे मध्य प्रदेशची हद्द जवळ, त्यामुळे एमपी पासिंगच्या गाड्या वर्षानुवर्षं तशाच फिरताना दिसतात. कायद्यानं बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. मास्तर माणसाला चौकात पोलिसानं अडवून हे समजावून सांगावं, ही कल्पना मला सहन झाली नाही.

*

शेवटी नजर सुपर्बवर ठरली. दुसऱ्या पिढीची, दोन लिटर डिझेल, १४० अश्वशक्ती. तिला येणारा सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स, तेलात बुडालेल्या क्लचचा. दर साठ हजार किलोमीटरला त्याचं तेल बदललं की तो बहुधा त्रास देत नाही. त्याच कंपनीच्या पेट्रोल गाड्यांत सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी येतो, त्याची ख्याती फारशी चांगली नाही; स्कोडाची मालक असलेल्या फोक्सवॅगननं २०१३ मध्ये जगभरातल्या सोळा लाख गाड्या त्यासाठी परत बोलावल्या होत्या. माझ्या गाडीच्या इंजिनाचाही इतिहास धुतल्या तांदळासारखा नाही. २०१५ मध्ये जगभर बोंब झालेल्या धूर-घोटाळ्यातली ईए-१८९ इंजिनं ती हीच, आणि भारतातही समूहानं सव्वातीन लाखांच्या जवळपास गाड्या दुरुस्तीसाठी बोलावल्या होत्या. पण घोटाळा धुराच्या आकड्यांचा होता. इंजिन दणकट, आणि नागपुरातल्या मेस्त्रीच्या हाताखालून अशी पुष्कळ गेलेली. माझ्या तीन कप्प्यांत ती बसत होती. शिवाय मला १६ इंची चाकांचीच हवी होती. १७ इंची चाकावर टायरची भिंत बुटकी, ४५ प्रोफाइलची. दिसते देखणी, पण आमच्या रस्त्यावर तिचा पहिला पावसाळा हाच शेवटचा.

गाडी पाहायला बाबांना बरोबर नेलं. त्यांना गाडी चालवता येत नाही. पण उभ्या आयुष्यात त्यांनी बैलाच्या सौद्यात मार खाल्लेला नाही, आणि जुन्या गाडीचा बाजार शेवटी बैलबाजारच आहे. बैलाचं वय दातावरून सांगतात आणि दलाल आपण होऊन दात दाखवतो. बाबा खांदा पाहायचे. जू किती बसलंय, कातडी किती निबर झालीय, यावरून त्यानं किती ओढलं ते कळतं. वाटेत त्यांनी मला एवढंच सांगितलं, “दात थो दाखवते. खांदा आपल्याले पाहा लागते.”

मीटरचं रीडिंग म्हणजे दात. ते कॉम्प्युटर लावून मागे नेणारे लोक गल्लोगल्ली आहेत. आम्ही पाहिलेल्या एका गाडीचं रीडिंग अठ्ठेचाळीस हजार होतं आणि स्टिअरिंगचं चामडं आरशासारखं चकाकत होतं, ब्रेकच्या पायट्याचं रबर एका कोपऱ्यात पार झिजलेलं. एवढी झीज अठ्ठेचाळीस हजारांत होत नाही. दुसऱ्या एका गाडीचा सीटबेल्ट मी शेवटपर्यंत ओढला तर आतल्या टोकाला वाळलेला गाळ. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी वरून कितीही धुवा, बेल्टच्या गुंडाळीत कोणी हात घालत नाही. काचांवर कारखान्याचं साल कोरलेलं असतं. सगळ्या काचा एका सालच्या आणि एकच नव्या सालची असेल तर त्या बाजूनं काय झालं हे विचारावं. टायरवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ‘टायर नवेच आहेत’ म्हणणाऱ्याला मी तो वाचून दाखवायचो. आपले मास्तरकीचे गुण अशा वेळी कामी येतात.

डॉक्टरांची गाडी २०१४ ची होती, एमएच-३१ पासिंग. निवृत्त गृहस्थ, मुलगा परदेशात, आणि गाडीची एक फाईल : प्रत्येक सर्व्हिसचं बिल तारखेप्रमाणे लावलेलं. मी आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड इंजिन खोटं बोलत नाही. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवला, गार. पहिल्या झटक्यात सुरू झाली, धूर नाही. वरूडच्या मेस्त्रीचा भाचा नागपुरात काम शिकतो, त्यानं स्कॅनर लावला. एका जुन्या सेन्सरची नोंद सोडली तर काही नाही.

मग बाबा मागच्या सीटवर बसले आणि म्हणाले, खराब रस्त्यानं घे. डॉक्टरांना हे नवीन होतं. त्यांनी सिव्हिल लाइन्सकडे बोट दाखवलं, बाबांनी रिंग रोडच्या बाजूची खोदलेली गल्ली निवडली. डोळे मिटून बसले होते. दोन खड्डे झाले आणि डोळे न उघडताच बोलले, “सामोर, उजव्या आंगानं. खट् करून राह्यली.” लोअर आर्मचा, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचा, रबरी बुश गेला होता. डॉक्टरांनी इतकी वर्षं तो आवाज ऐकला नव्हता. त्यांचे रस्ते चांगले होते. पाच लाख दहा हजार सांगितलेले पावणेपाचला ठरले. चहा झाला. इसार म्हणून अकरा हजार दिले.

बाकीचे पैसे रोख द्यायचा बाबांचा आग्रह होता. त्यांच्या मते मोजून हातात पडतात तेच पैसे. पण २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा. डॉक्टर तसे घेणारच नव्हते. आरटीजीएस केलं, आणि बँकेच्या मेसेजवर बाबांचा विश्वास बसेपर्यंत आम्ही तिथेच बसलो.

कागदांबद्दल मात्र मी कोणाचं ऐकलं नाही. आमच्याकडे नावावर करून न घेता पाच-पाच वर्षं गाडी वापरणारे लोक आहेत. ‘टीटी फॉर्मवर सही आहे ना’ म्हणतात आणि मोकळे होतात. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेच्या पत्रासह ३५. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की गाडी विकली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. म्हणजे धोका खरा विकणाऱ्याला. हे डॉक्टरांना सांगितल्यावर ते माझ्याहून घाईनं आरटीओत हजर झाले. इन्शुरन्सही १४ दिवसांत नावावर करून घ्यायचा असतो. नो क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो, तो आपल्याला मिळत नाही.

*

गावात चारचाकी घेताना हल्ली पहिला प्रश्न मायलेजचा येत नाही; नाव कोणाचं लावणार, हा येतो. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तिच्या निकषांत ट्रॅक्टर सोडून चारचाकी असलेलं कुटुंब बसत नाही. माझ्या पगारामुळे आमचा प्रश्न नव्हताच, पण शेजारच्या काकूंनी गाडीकडे पाहून बायकोला हळहळून विचारलं, “तुमचे पंधराशे गेले असतीन नं मंग?” पाठोपाठ पारावर दुसरी चर्चा सुरू झाली : मास्तरच्या पगारात हे कसं बसतं. कोणी म्हणालं सासऱ्यानं दिली. कोणी म्हणालं व्याजानं पैसे लावतो. मी खरी किंमत सांगून टाकली तर त्यानं आणखी गोंधळ झाला.

“पावणेपाच लाख? अन् जुनी? एवढ्यात नवी अल्टो आली असती नं बाप्पा.”

“आली असती.”

“मंग काहून नाई घेतली?”

याचं उत्तर पारावर देता येत नाही. त्यात पुढे छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ झाला, तेव्हा तोच माणूस मुद्दाम घरी येऊन सांगून गेला. त्याचं चुकतं असंही नाही. नवी छोटी गाडी घेणारा निवांत झोपतो. तिचा मेस्त्री चौकात आहे, पार्ट किराणा दुकानाएवढ्या दुकानात मिळतात. ज्याला एकच गाडी ठेवायची आहे, जिच्यावर रोजची नोकरी किंवा धंदा अवलंबून आहे, त्याला मी जुनी लक्झरी गाडी घे असं कधी सांगणार नाही. माझ्याकडे कॉलेजला जायला मोटरसायकल आहे. गाडी चार दिवस नागपुरात पडून राहिली तर माझं काही अडत नाही, आणि हे न अडणं हाच खरा ऐषाराम आहे, चामड्याची सीट नव्हे.

बॅजचा उपयोग इथे शून्य. स्कोडाचा पंखवाला बाण पाहून एकानं विचारलं, हे मारुतीचंच मॉडेल होय का. मुलांना मात्र गाडीनं जिंकलं. मागच्या दारात छत्री ठेवायची नळी असते, ती ओढली की आख्खी छत्री बाहेर येते. हा प्रयोग दाखवा म्हणून पोरं येत राहिली. डिकीचं झाकण दोन तऱ्हांनी उघडतं, नुसतं डिकीपुरतं किंवा मागच्या काचेसकट. ५६५ लिटरची ती डिकी आहे. स्कोडा मूळची चेकोस्लोव्हाकियाची; तिथल्या वारसदारांनी ती प्रवासी बॅगांसाठी केली असेल. आमच्या बाबांनी पहिल्याच आठवड्यात तिच्यात संत्र्याची कॅरेटं बसवून पाहिली आणि मान हलवली. त्यांच्या लेखी गाडी तेव्हा पास झाली.

गाडी ठेवायची कुठे, ही अडचण मी मोजमाप काढून आधीच सोडवली होती. ती ४.८ मीटरच्या वर लांब. ट्रॅक्टरच्या शेडमध्ये वखर आणि पेरणीयंत्र हलवून जागा केली, तरी मागचा बंपर बाहेर डोकावतो. तिथे उंदरांचं राज्य. सोयाबीन-तूर घरात आली की उंदीर वायरिंगकडे वळतात, आणि या गाडीच्या वायरिंगचा एक हार्नेस बदलायचा म्हणजे अख्ख्या बागेचं खत. रात्री बॉनेट उघडं ठेवून खाली दिवा लावतो. आत उजेड असला की ते फिरकत नाहीत. तंबाखूच्या पुड्या, डांबरगोळ्या, सगळं करून पाहिलेले लोक गावात आहेत आणि प्रत्येकाचं वेगळं मत आहे.

घेतल्या घेतल्या टायमिंग बेल्टचा पूर्ण संच आणि वॉटर पंप बदलला. बेल्ट चालतोय म्हणून चालवत राहायचं हे या इंजिनात चालत नाही. तो तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि मग इंजिनच विकत घ्यावं लागतं. गिअरबॉक्सचं तेल, दोन्ही लोअर आर्मचे बुश, बॅटरी, चार टायर. सव्वा लाखातले लाखभर पहिल्या काही महिन्यांतच गेले. ते जाणारच होते, त्यांचं नावच तसं ठेवलेलं होतं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की इथे प्लॅस्टिक आणि रबर दोन्ही म्हातारे होतात, म्हणून कूलंटचे पाइप चैत्र लागायच्या आधी तपासून घेतो. जिनिंगच्या दिवसांत कापसाचा भुगा रेडिएटरच्या जाळीवर बसतो, तो हवेच्या पाइपनं उडवायचा. बेकायदा गतिरोधक तिरपा घ्यायचा, एक चाक आधी, एक नंतर. पांदणीत ही गाडी न्यायचीच नाही. तिथे बाबांचा ट्रॅक्टर आहे.

आईनं पहिल्याच फेरीत पाय लांब केले आणि काटोलच्या आधी झोपली. नागपुरात उतरून ती सरळ दवाखान्याच्या पायऱ्या चढली. समृद्धीवरून शिर्डीला गेलो तेव्हा बाबा पुढे बसले होते. १२० ची मर्यादा, त्यावर गाडी बांधून ठेवल्यासारखी चालत होती, आणि ते दर थोड्या वेळानं काट्याकडे पाहून म्हणायचे की एवढी पळत नसेल, हे मीटरही फिरवलेलं असेल.

आता वेगळाच व्याप सुरू झालाय. तुळशीचं लग्न लागलं की नवरदेवासाठी गाडी मागायला लोक येतात. लांब, काळी, पडदे लावता येतील अशी गाडी पंचक्रोशीत दुसरी नाही. नाही म्हणता येत नाही, कारण उद्या आपल्यालाही चार माणसं लागतात. भाडं घेता येत नाही, खासगी पासिंग आहे, आणि घेणंही शोभत नाही. म्हणून अटी ठरवल्यात : चालवणार मी, डिझेल तुमचं, हार बॉनेटवर दोऱ्यानं बांधायचा, रंगाला सेलोटेप लागला तर वरात तिथंच उतरेल. मागच्या हंगामात एका नवरदेवाच्या मामानं विचारलं, सनरूफमधून पोरगं उभं राहून नाचलं तर चालेल का. मी म्हटलं, त्या काचेची किंमत सांगतो, मग ठरवा. किंमत ऐकून मामांनी भाच्याला घोड्यावर बसवलं.